कोयता मारून मोळी

मित्रांनो, जरा लांबच बसा. मी कोयता आहे. जुना आहे, मूठ सैल झाली आहे, आणि माझ्या पात्यावर जे तांबूस दिसतं तो सगळाच गंज नाही. सध्या माझा मुक्काम नगरच्या एका पोलीस ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीत आहे. गळ्यात सुतळी, सुतळीला कागद. कागदावर शहराचं नवं नाव छापलेलं आहे, आणि ज्या हवालदारानं तो बांधला तो मात्र बोलताना अजून नगरच म्हणतो. सरकारी नावं अशीच असतात, आधी कागदावर येतात आणि मग सवडीनं तोंडात बसतात. माझ्या गोष्टीतलं नाव थेट तोंडातच जन्मलं. ते सगळ्यांना इतकं आवडलं की त्यापायी रक्त सांडलं.

माझा जन्म सांगतो. मी आधी एका मालट्रकच्या चाकावरचा पोलादी पाटा होतो. तुटलो, भंगारात गेलो आणि पाथर्डीच्या बाजारात रस्त्याकडेला पाल टाकून बसलेल्या घिसाड्याच्या हाती लागलो. त्यानं मला भट्टीत लाल केलं आणि ऐरणीवर चिमट्यात धरलं. घण त्याची बायको चालवत होती. त्या बाईनं मला असं बडवलं की अंगातला ट्रक पार निघून गेला. मग लालभडक असतानाच मला पाण्यात बुडवलं. याला पाणी देणं म्हणतात. नाव गोड आहे, पण मी तेव्हा किती किंचाळलो ते त्या पालातल्या माणसांनाच ठाऊक.

पाथर्डी तालुक्यातल्या अजिनाथनं मला विकत घेतलं. दिवाळी झाली की त्याच्या गावातली निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला निघत, तसा तोही बायको लंकाबाईला घेऊन राहुरीकडच्या फडात उतरायचा. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो, आणि एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता. दोन जिवंत माणसांना माझं एक नाव पुरतं, याचा मला भारी अभिमान वाटायचा. त्या दोघांना काय वाटायचं ते कोणी विचारलं नाही.

मी ऊस बुडातून उडवायचो, शेंडा छाटायचो, पाचट ओरबाडून काढायचो. उसाची पानंही काही गरीब नसतात, त्यांनी लंकाबाईचे हात कोपरापर्यंत चिरून ठेवले होते. एकदा सरीत घोणस निघाली, तिचे मी तुकडे केले. एकदा अजिनाथचा अंदाज चुकला आणि मी त्याच्या पायाचा अंगठा अर्धा नेला. त्यानं जखमेत हळद भरली, चिंधी गुंडाळली आणि तोड चालू ठेवली. मुकादम बघून म्हणाला, "अजिनाथचा कोयता नंबरी हाय." माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी ही अशी अंगठा तोडलेल्या दिवशी मिळाली.

अजिनाथची कंबर गेली तेव्हा मी त्याच्या मुलाच्या, श्रीमंतच्या हातात आलो. श्रीमंतचा हात जोरकस होता आणि डोकं तापट. त्याची बायको रोहिणी अंगानं किडकिडीत, पण तिच्यासारखी मोळी साऱ्या टोळीत कोणाला बांधता येत नव्हती. उसाच्या शेंड्याची हिरवी पानं ती एका पिळात वळायची, उसाखालून घ्यायची, गुडघा दाबायची आणि अशी गाठ मारायची की मोळी ट्रकवर फेकली तरी सुटायची नाही. सोडायची म्हटली तर एक टोक ओढलं की झालं. तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या दोन बोटांत ती सगळी करामत होती.

एकदा ट्रक भरायला उशीर झाला म्हणून मुकादमानं श्रीमंतच्या थोबाडीत मारली, बायकोसमोर आणि सगळ्या टोळीसमोर. श्रीमंतची मूठ माझ्यावर इतकी आवळली की माझं लाकूड करकरलं. मग ती सैल पडली. थोबाडीत त्यानं गिळली, पण ती त्याला कधीच पचली नाही.

त्या हंगामानंतर ती दोघं फडाकडे फिरकली नाहीत. नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत श्रीमंतनं काही दिवस हेल्परकी केली आणि मग कारखान्यांच्या रस्त्याला चायनीजची गाडी टाकली. अजिनाथ गावी राहिला, लंकाबाई मदतीला आली. येताना तिनं मला पिशवीत घातलं. "घरात लोखंड आसावं," एवढंच म्हणाली. रोहिणी कोबी आणि कांदा सुरीनं चिरायची. माझ्याकडे ओंडक्यावर कोंबड्या तोडायचं काम आलं. मला वाटलं, म्हातारपण बरं जाणार.

मित्रांनो, या गाडीवर मी जितके नवे शब्द ऐकले तितके एखाद्या गुरुजींनीही ऐकले नसतील. शेजवान बाटलीतून आला. मेयो पाकिटातून आला. मोमो टेम्पोतून गोठून आला आणि आमच्याकडे वाफेवर शुद्धीवर आला. लंकाबाईला कोणताच शब्द परका वाटला नाही. मंच्युरियनला ती मंचुरी म्हणायची आणि मंचुरीला नातीच्या नावासारखी हाक मारायची. पेरी पेरीची भुकटी पहिल्यांदा आली तेव्हा पाकीट उलटसुलट करून म्हणाली, "आमच्याकडं येकदा पेरल्यालं उगवंना, हितं दोनदा पेरत्यात." कामगार हसून हसून बेजार झाले. पण एक गोष्ट माझ्या लोखंडी डोक्यात बसली. या नव्या शब्दांना सगळ्यांना मार लागायचा. मेयो मार, चीज मार, शेजवान दाबून मार. अमकं ब्लास्ट, तमकं फायर, ढमकं बॉम्ब. अलीकडे कोणाला तरी बडवल्याशिवाय तुमच्या जिभेला चवच लागत नाही की काय, असं मला वाटायचं.

एके दुपारी रोहिणीनं उरलेल्या नूडल्स पातळ चपातीत गुंडाळल्या, कांद्याची हिरवी पात गरम पाण्यातून काढली आणि गुंडाळीला बांधली. गाठ तीच, फडातली. एका वेल्डरनं खाल्लं आणि विचारलं, "वहिनी, ह्याला काय म्हनायचं?"

रोहिणी म्हणाली, "मोळी."

रांगेतले निम्मे लोक ऊसतोडीच्याच गावांतले होते. काही हसले. एक जण गाठीकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "माजी आय अशीच बांधायची." मग त्यानं पात ओढली, मोळी उलगडली आणि खाल्ली. बघता बघता तो शब्द साऱ्या एमआयडीसीत पसरला. दोन मोळ्या दे, एक मोळी पार्सल, जाताना मोळीवर भेटू. फडात डोक्यावर वाहिलेला शब्द आता लोक हौसेनं तोंडात घालत होते. रोहिणी त्या दिवसांत काम करताना गुणगुणायची. मी तिला फडात कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

मग समर्थ आला. कॉलेजात शिकणारा, खाण्याच्या गाड्यांच्या रील काढणारा हा तरुण होता, आणि त्याच्या रील बघून लोक कुठं जेवायचं ते ठरवत. त्यानं मोळी खाल्ली, बोटं चाटली आणि तोंड वाकडं केलं.

"दादा, चव एक नंबर आहे. पण दिसायला साधी वाटते. काहीतरी डेंजर पाहिजे," तो म्हणाला, आणि त्याची नजर ओंडक्यावर रोवलेल्या माझ्यावर गेली. "याच्यानं तोडा ना."

झालं. गिऱ्हाइकानं मोळीची दोन टोकं ओंडक्यावर धरायची, श्रीमंतनं मला डोक्यावरून आणायचं, खाडकन मोळीचे दोन तुकडे व्हायचे. हात मागे घेतला तो भित्रा, नाही घेतला तो वाघ. रील तुफान चालली. लग्नाची वरात थांबावी तशी गाडीपुढे गर्दी थांबू लागली. लोक मागणी करू लागले, "कोयता मारून मोळी." पुढे तेवढंही म्हणायची गरज उरली नाही. "चल, कोयता मारू," असं पोरं एकमेकांना म्हणायची आणि आईबाप घाबरून दाराशी धावायचे, तर पोरं आपली जेवायला निघालेली असायची.

रोहिणीला ते पहिल्यापासून रुचलं नाही. "आवो, हत्यार हाय ते," ती नवऱ्याला म्हणाली. "आन माजी गाठ कशाला तोडताय? पात वढली की सुटती."

"गाठ बघाया कोन येतंय?" श्रीमंत म्हणाला. "लोकं कोयता बघाया येत्यात."

तो खरं बोलत होता, हेच वाईट होतं. त्यानं मला कानशीनं घासून आरशासारखा केला. रोज शेकडो डोळे माझ्यावर खिळायचे. मुकादमानं ज्याला गुरासारखं हाणलं होतं त्याला आता लोक 'कोयता किंग' म्हणत होते, आणि तो ताठ मानेनं उभा राहायचा.

समोर पारनेरकडच्या कल्याणची वड्याची गाडी होती. माणूस गमत्या आणि मनमिळाऊ. एकाचा गॅस संपला की दुसऱ्याची टाकी उचलून आणायची, इतकं दोघांचं जमायचं. फडातल्या थोबाडीची गोष्ट श्रीमंतनं आयुष्यात एकाच माणसाला सांगितली होती, कल्याणला, चहा पिता पिता. मोळीचं नाव झालं तसा कल्याणनंही मोळीचा बोर्ड लावला. वर लिहिलं 'ओरिजनल', खाली माझ्यासारख्याचं चित्र काढलं आणि पात्यातून लाल थेंब गळताना दाखवले. श्रीमंत भडकला. रोहिणी मात्र पातीची जुडी घेऊन रस्ता ओलांडून गेली आणि कल्याणला गाठ शिकवून आली.

"शब्द काय आपल्या बापाचा हाय व्हय?" ती परत येऊन म्हणाली. "चार लोकांच्या तोंडी ऱ्हाईल. खाऊ द्या."

प्रकरण तिथंच मिटलं असतं, पण समर्थला ते मिटायला नको होतं. त्यानं दोघांना एकत्र बसवलं आणि समजावलं की लोकांना भांडण आवडतं, तेव्हा भांडण दाखवा. दोघांनाही ते पटलं. मग संध्याकाळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दोघं कोयते परजून एकमेकांना शिव्या द्यायचे, समर्थ मोबाईल धरायचा, आणि रील झाली की दोघं एकाच बाकावर चहा प्यायचे. नाटकातल्या माणसांच्या हाती लाकडी तलवारी असतात. यांनी नाटक केलं आणि हातात मला घेतलं, मित्रांनो. खरी धार, खोटं वैर. धारेला यातला फरक कळत नाही.

बघणाऱ्यांनाही तो कळला नाही. मोबाईलवर कोणी श्रीमंतची बाजू घेतली, कोणी कल्याणची, आणि दोन्हीकडून आयाबहिणी काढल्या गेल्या. गिऱ्हाइकं येऊन कानाशी लागायची, तो तुला काय म्हणाला वाचलंस का. बाकावरचा चहा आधी कमी झाला, मग बंद झाला. लंकाबाई पदराआडून कल्याणच्या गाडीकडे बघून बोटं मोडू लागली. रोहिणी एकटी दोन्हीकडे बघायची आणि रात्रीच्या भाजीत मीठ विसरायची.

त्या संध्याकाळी दिवसपाळी सुटली होती आणि रस्ता माणसांनी फुलला होता. समर्थनं मोबाईल लावला. ठरल्याप्रमाणे कल्याण आपला चकचकीत कोयता फिरवत रस्ता ओलांडून आला. ठरलेल्या शिव्या संपल्या, लोक म्हणावे तसे हसेनात, आणि कल्याणला आणखी काहीतरी बोलायची हुक्की आली.

"लोकहो, हा कसला किंग?" तो ओरडला. "ह्यानं बायकोसमोर मुकादमाची थोबाडीत खाल्ली आन गप ऱ्हायला. इचारा त्याला."

आता लोक खदखदून हसले.

मी श्रीमंतच्या मुठीत होतो. नाटकात तो मला मुठीच्या वरच्या अंगाला धरायचा, नुसतं दाखवायला. आता त्याचा हात खाली सरकला. ती फडातली पकड होती. मी ओळखली आणि मला थांबता येईना. पहिला वार कल्याणच्या दंडावर बसला. सदरा फाटला, मांस फाटलं, मी हाडाला लागून थांबलो. हाडाचा आवाज उसासारखाच येतो. कल्याणच्या हातातला कोयता पडला आणि तो गुडघ्यावर आला. श्रीमंतनं मला उपसून पुन्हा वर नेलं. या वेळी मानेचा नेम होता. रोहिणी कढईपासून धावली आणि तिनं उजवा हात मध्ये घातला, मला धरायला.

तिनं मला धरलं. मी तिच्या हातातून आरपार गेलो. ती दोन बोटं चिरलेल्या कोबीच्या ढिगात पडली.

आणि टाळ्या पडल्या, मित्रांनो. शिट्ट्या वाजल्या. लोकांना वाटलं, रीलच चालली आहे. कोणीतरी ओरडलं, "कडक!" लाल रंग त्यांनी बोर्डावर रोज बघितला होता, शेजवानमध्ये रोज खाल्ला होता. रोहिणी हाताकडे बघत उभी होती आणि बराच वेळ तिच्या मदतीला कोणी आलं नाही, कारण सगळे बघत होते. समर्थचा मोबाईल चालूच होता. लंकाबाईनं हंबरडा फोडला तेव्हा कुठं पहिला माणूस धावला. बोटं पुन्हा जोडता आली नाहीत.

मला पोलिसांनी फडक्यात गुंडाळून नेलं. समर्थनं ते चित्रण पुसून टाकलं आणि तो गावाला निघून गेला. कल्याणचा दंड भरून आला, पण हात खांद्याच्या वर जात नाही. पश्चात्ताप त्यालाही झाला होता. खटला उभा राहायच्या आत दोन्ही घरांनी बसून तडजोड केली. कल्याणनं सांगायचं, पडलो आणि पत्रा लागला. रोहिणीनं सांगायचं, कोबी कापताना कोयता निसटला. मग श्रीमंत सुटेल.

कोर्टाच्या व्हरांड्यात लंकाबाईनं सुनेपुढे पदर पसरला. मी हवालदाराच्या काखेत होतो, सगळं ऐकत होतो. "येवढंच म्हन बाई, कोबी कापताना लागलं. तुजा नवरा हाय त्यो. त्यो आत गेला तर आपुन दोगींनी काय करायचं?"

रोहिणीनं सासूचा पदर हळूच खाली केला. "आत्या, त्या दिशी लोकांनी खोटं समजून टाळ्या वाजविल्या," ती म्हणाली. "आता मीबी खोटं म्हनले तर ते खोटंच ऱ्हाईल."

पिंजऱ्यात उभी राहिल्यावर तिला मला दाखवलं. ओळखता का, असं विचारलं.

"व्हय."

आधी कल्याण पत्र्याचं सांगून गेला होता. श्रीमंतच्या वकिलांनी विचारलं, कोबी कापताना हाच निसटला का? श्रीमंत मान खाली घालून उभा होता. रोहिणीचा आवाज चढला नाही.

"कोबी मी सुरीनं कापते. ह्यो निसटला न्हाई. माज्या नवऱ्यानं मारला. पयला कल्यानभाऊंना, दुसराबी त्यांनाच हुता, मी मधी आले. आमी भांडनाचं नाटक करत हुतो. करता करता झालं." मग तिनं हात वर धरला, सगळ्यांना दिसेल असा. "हे नाटक न्हाई."

श्रीमंतनं पहिल्यांदा मान वर केली आणि त्या हाताकडे पाहिलं. त्याला रडू फुटलं. निकाल अजून लागायचा आहे. तो सुटेल की नाही मला ठाऊक नाही, आणि रोहिणीलाही नाही.

बाहेर पडल्यावर हवालदाराला भूक लागली. कोर्टाच्या फाटकाशी एक नवी गाडी होती. त्यानं मला फडक्यासकट गाडीच्या फळीवर ठेवलं आणि म्हणाला, "एक कोयता मोळी दे." शेजारी रोहिणी आणि लंकाबाई रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या. रोहिणीची नजर बोर्डावर गेली. बोर्डावर मी होतो, भला मोठा, पात्यातून लाल थेंब गळत असलेला.

ती गाडीवाल्याजवळ आली. पदराखालचा हात तिनं बाहेर काढला नाही. "भाऊ, मोळी इका, पर तेवडं चित्र पुसून टाका," ती म्हणाली.

गाडीवाला भला माणूस होता. त्यानं तिला ओळखलं नव्हतं. तो हसून म्हणाला, "कोयता पुसला तर मोळी कोन खाईल, ताई? त्याच्याच नावावर चालतीय ती."

रिक्षा आली, सासू-सुना बसून गेल्या. हवालदारानं बोटं चाटली आणि मला पुन्हा काखेत मारलं.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुम्हाला सांगत असतील की आम्हाला पुसा, जपा, कोपऱ्यात टाकू नका. मी उलट सांगतो. मला कोपऱ्यातच टाका. तेल लावू नका, धार लावू नका, गंज मला सुखानं खाऊ दे. नवे शब्द खुशाल खा, ते चांगलेच लागतात. पण एखादा शब्द मारून मागायची सवय जिभेला लागली असेल, तर ती आजच मोडा. गाडीवर मोळी मागाल तेव्हा नुसती मोळी मागा. माझं नाव घेऊ नका. तुम्ही गंमत म्हणून माझं नाव घेता आणि कोणीतरी मला खरोखर उचलतो.